एकोणचाळीस-आठ की त्रेचाळीस-आठ: सड्यावरच्या जीपचं गणित

राजापूर तालुक्यात खाडीच्या वर आमची वाडी आणि वाडीच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून ते भरले आणि त्यात हापूसची कलमं लावली. बाग ते घर ही दीड किलोमीटरची पाणंद आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, आणि घराकडे येताना शेवटचे तीनशे मीटर असे की चार मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली आलेलं असतं. आंबा सगळा याच वाटेने उतरतो, आणि तो उतरवते आमची महिंद्राची एमएम ५४० जीप. बाबांनी ती जुनी घेतली तेव्हा मी शाळेत होते. प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, आणि हाय-लोचा वेगळा दांडा; लो लावला की प्रत्येक गिअर आणखी हळू आणि ताकदीचा होतो. आता बाग मी बघते, त्यामुळे जीपही माझ्याकडे आली.

या जीपला मोठे टायर घातले, पाटे, म्हणजे एक्सलवरच्या कमानी स्प्रिंगा, उचलले, त्यानंतर क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाची फेरी चाकांना देणारी एक्सलमधली दातेरी जोडी, बदललं. वरच्या शीर्षकातले आकडे तिच्याच दातांचे. हा क्रम उलटा होता. ते मला कसं कळलं ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात हल्ली प्रत्येक जुन्या जीपला उंच करायचं चाललंय आणि सगळे टायरपासूनच सुरुवात करतात.

सुरुवात झाली ती चाकोरीमुळे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाणंदीतली लाल माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते. चाकांच्या दोन चाकोऱ्या खोल होतात, मधला वरंबा तसाच उभा राहतो. त्यात जांभ्याची टोकं वर आलेली. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रिकामी जीप वर नेताना मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शिअलचं घर, वरंब्यावरच्या कातळाला असा घासला की आवाज ऐकून बाबा खालून धावत आले. खाली वाकून पाहिलं तर गोळ्याच्या तळाशी चकचकीत ओरखडा आणि कातळावर लोखंडाची काळी रेघ. तेल गळत नव्हतं, एवढंच नशीब.

ज्याला विचारावं तो म्हणे, लिफ्ट कर. पाट्यांना जास्त कमान दे, पाट्याचं टोक धरणारी शॅकल लांब कर, दोन-तीन इंच गाडी वर जाईल. गाडी वर जाते हे खरं. पण काय वर जातं ते बघायला हवं. पाटे उचलले की चासी वर जाते, बॉडी वर जाते, इंजिनाचं चेंबर वर जातं. एक्सल मात्र चाकांच्या मधोमध आहे आणि चाकं जमिनीवर आहेत. तो गोळा एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. तो वर न्यायचा तर चाकच मोठं हवं, आणि तेही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्यानेच. आमच्या कातळाला घासत होता तो गोळा, बॉडी नव्हे. म्हणजे मला हवे होते टायर. पाटे उचलायचे ते फक्त तो टायर मडगार्डखाली पूर्ण वळता यावा म्हणून.

जीपवर ६.००-१६ चे टायर होते. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यावरून व्यास काढता येतो, पण वजनाखाली टायर थोडा बसतो, म्हणून मी सरळ मोजलं. अंगणात टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली, बाबांनी आणि मी जीप एक फेरी पूर्ण होईपर्यंत ढकलली, आणि टेप लावला. २ मीटर २६ सेंटीमीटर. शेजारच्या गावातल्या एका जीपला ७.५०-१६ होते, तिथे जाऊन तसंच मोजलं. २ मीटर ४६. परिघातला फरक २० सेंटीमीटर, त्याला दोन पायने भागलं की त्रिज्येतला फरक येतो, ३ सेंटीमीटरच्या थोडा वर. सव्वा इंच. वरंब्यावरची टोकं चुकवायला मला तेवढंच हवं होतं.

रुंद टायर घ्यायचा आग्रह खूप झाला. ३१ इंची, साडेदहा इंच रुंद, दिसायला भरदार. मी नाही घेतला, आणि हा एक निर्णय पहिल्यापासून बरोबर ठरला. आमच्याकडचा चिखल खोल नसतो. वर चार-सहा इंच लाल राबडी आणि खाली घट्ट मुरूम किंवा कातळ. अरुंद टायर ती राबडी कापून खाली टेकतो आणि मग धरतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो, आणि उतारावर तरंगणं म्हणजे घसरणं. शिवाय पाणंद गडग्यांमध्ये आवळलेली आहे. टायर जितका बाहेर, तितकी त्याची बाजू चिऱ्याच्या कडेला घासणार, आणि बाजू कापलेल्या टायरला पंक्चरवालाही हात जोडतो. मऊ वाळूत रुंद टायरचा उपयोग होतो हे मान्य. पण वाळू म्हणजे आमच्याकडे समुद्रकिनारा, आणि तिथे गाडी घालायचीच नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं याच किनाऱ्यांवर अंडी घालतात, चाकाखाली घरटं गेलेलं वरून कळतही नाही.

टायर घेतले, जुनी रिमं अरुंद पडत होती म्हणून रुंद रिमं घेतली, पाट्यांना दोन इंचांची कमान दिली. ब्रेकचे रबरी होज ताणले जात होते, ते लांब टाकले. एक्सलपर्यंत फेरी नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला, त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, नवे घातले. गोळा वरंब्यावरून स्वच्छ जायला लागला. एप्रिलभर मी खूश होते.

मे महिन्याच्या अखेरीस वळीव पडला. उरलेला आंबा दोन दिवसांत उतरवायचा होता. अठरा क्रेट, एकेकात वीसेक किलो, मागे एक गडी. पहिल्या दोन खेपा झाल्या, पण ब्रेकवरचा पाय उचलता येत नव्हता. बाबा ही उतरण नेहमी लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये करायचे, ब्रेक नावाला. मीही तसंच शिकले. आता त्याच गिअरमध्ये इंजिन धरत नव्हतं, आवाज चढत जायचा आणि मी ब्रेक दाबत राहायचे. तिसऱ्या खेपेला अर्ध्या उतारावर ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला आणि पेडल दाबूनही जीप हळू होईना. खाली वळणावर सरळ गेलो असतो तर शेजाऱ्यांच्या गोठ्यात. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि जीप गडग्याला घासत, दगड पाडत थांबली. गड्याला खरचटलं, आणखी काही झालं नाही. चार क्रेट खाली पडले. पिकायला आलेला हापूस लाल चिखलात, काही फळं गडग्याच्या पडलेल्या चिऱ्यांखाली फुटलेली. तो वास अजून नाकात आहे.

बाबा रागावले नाहीत. संध्याकाळी पडवीत बसून म्हणाले, "बाय, चढाचं सगळे बघतात. उतरताना धरते का, ते बघितलंस का तू?"

नव्हतं बघितलं. त्या रात्री वही घेऊन बसले.

चाक मोठं झालं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते. २.४६ भागिले २.२६, म्हणजे जवळपास नऊ टक्के जास्त. गाडी एकदम नऊ टक्क्यांनी वरच्या गिअरची झाली. ओढताना इंजिनाला नऊ टक्के जड, आणि उतरताना इंजिनाची धरण्याची ताकद चाकापर्यंत तेवढीच कमी पोचणार. ब्रेकचंही तेच. ड्रम तोच, लायनर तेच, पण त्यांना आता मोठं चाक अडवायचं असतं. हे दोन्ही तोटे एकाच वेळी, एकाच उतारावर, साडेतीनशे किलो आंब्यासकट माझ्या अंगावर आले होते. नऊ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण आधीच काठावर असलेल्या उतारावर तेवढं पुरतं.

यावर उपाय म्हणजे एक्सलमधलं क्राऊन-पिनियन. रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, आणि हिशेब सोपं त्रैराशिक आहे: जुनं रेशो गुणिले नवा परीघ भागिले जुना परीघ. माझ्या एक्सलमध्ये क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ४.८७५, ज्याला सगळे ४.८८ म्हणतात. त्याला २.४६ ने गुणलं, २.२६ ने भागलं, उत्तर आलं ५.३१. आणि जुन्या जीपांमध्ये ४३ आणि ८ दातांचा जोड मिळतो, ५.३७५, म्हणजेच ५.३८. जवळजवळ तंतोतंत.

इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसतं धुगधुगत असताना जीप पहिल्या लोमध्ये मिनिटाला किती सरकते ते मी काढलं. पहिला गिअर साधारण ४ धरला, हाय-लोच्या पेटीचा, म्हणजे ट्रान्स्फर केसचा, लो २.४६. जुने टायर आणि ४.८८: मिनिटाला ३७.७ मीटर. मोठे टायर आणि ४.८८: ४१. मोठे टायर आणि ५.३८: ३७.२. शेवटचा आकडा पाहिला तेव्हा मला हायसं वाटलं. टायरने घेतलेलं सगळं परत येत होतं, वर कणभर जास्त.

रस्त्यावरचं काय होईल तेही बघितलं. चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक आहे, त्यामुळे हिशेब सोपा. ताशी ६० ला पूर्वी इंजिन सुमारे २१५० फेऱ्या करायचं, मोठ्या टायरांवर १९८० करायला लागलं, आणि नव्या जोडावर २१८५ करणार. म्हणजे मूळचीच जीप. स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसवरून जाते, म्हणून मोठ्या टायरांवर काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी खरं तर ६५ ने चाललेली असायची. तेही जागेवर येणार होतं.

मग एक चूक झाली. ती निम्मी माझी. एका गॅरेजात मी ४३-८ चा जोड बसवायला सांगितला, त्यांनी मागच्या एक्सलमध्ये बसवला, पुढचं नंतर करू म्हणाले, आणि मी हो म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते विचारलं नाही. पुढे ४.८८, मागे ५.३८. फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळायला बघतात. चिखलात चाकं घसरून ते निभावतं. कोरड्या कातळावर घसरायला जागाच नसते, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. सड्यावर पन्नास पावलं गेले आणि स्टिअरिंग दगडासारखं झालं. फोर-व्हीलचा दांडा दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना. रिव्हर्स घेऊन पाहिलं, नाही. शेवटी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, आणि ते जमिनीवरून सुटलं त्या क्षणी धाडकन अर्धी फेरी गरकन फिरलं. माझा हात तिथून वीतभर लांब होता. हे कोणीही करू नये.

आणि माझ्या ट्रान्स्फर केसमध्ये फोर-व्हील लावल्याशिवाय लो पडतच नाही. म्हणजे ज्या लोसाठी हा सगळा खटाटोप केला, तोच मला वापरता येत नव्हता.

पुढचा जोड मी कोल्हापुरात उद्यमनगरात शोधला आणि काम तिथल्याच एका मिस्त्रींकडे दिलं. अणुस्कुरा घाटातून टेम्पोत दोन्ही एक्सल घालून नेले. मिस्त्रींनी पहिल्यांदा मागचा गोळा उघडला आणि मला बोलावलं. "ताई, हे बघा. बसवलंय खरं, पण बसलं न्हाई." त्यांनी शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या चार-पाच दातांना ब्रशने लावला, पिनियन हाताने फिरवलं, आणि दातांवर उमटलेली खूण दाखवली. ती दाताच्या अगदी टोकाला, एका कडेला होती. म्हणजे दात पूर्ण अंगाने भिडतच नव्हते. असंच चाललं असतं तर पहिल्या जड चढावर टोकं उडाली असती. त्यांनी शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, काढले, एक पातळ घातला, परत शेंदूर, परत फिरवलं. खूण थोडी आत सरकली. पुन्हा शिम. असं सहा-सात वेळा. दुपारचे चार वाजले तेव्हा तो लाल ठसा दाताच्या मधोमध आला, वर-खाली सारखी जागा सोडून. मग डायल लावून दातांमधली फट बघितली, दीड-दोन दशांश मिलिमीटर. एवढी फट हवी, नसेल तर गरम होऊन आवळतं, जास्त असेल तर ठोके बसतात. मी तो पूर्ण वेळ स्टुलावर बसून होते. इतकं मन लावून कोणी माझ्या जीपचं काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या आणि मागच्याबद्दल ते म्हणाले, "दोन चालीचे बैल एका जुवाला बांधल्यावर जू मोडणारच की." त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही पिनियन शेजारी ठेवली, दोघांना आठच दात, पण ४३ बरोबरचं पिनियन अंगाने बारीक. रेशो वाढवत नेलं की पिनियन बारीक होत जातं. म्हणून आपल्याला हवं त्यापेक्षा एक पायरीही पुढे जायचं नाही, आणि लोमध्ये चाक अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर ठोकायचा नाही.

त्याच वेळी ब्रेकचे लायनर नवे केले, ड्रम साफ केले, आणि दोन्ही गोळ्यांच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या भोकाला, नळी जोडून ती वर बॉनेटखाली बांधली. पावसात पऱ्या ओलांडताना गरम गोळा एकदम पाण्यात जातो, आतली हवा आवळते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. माझं आधीचं नव्वद नंबरचं तेल काढलं तेव्हा ते दुधाच्या चहासारखं निघालं होतं.

मावसभावाकडे २०२० नंतरची डिझेल थार आहे, त्याने हे सगळं ऐकून विचारलं की मीपण बदलू का. मी म्हटलं, नको. त्याचा मूळ टायर २५५/६५ आर १८, व्यास ७८९ मिलिमीटर. तो ३३ इंची घालणार, म्हणजे ८३८. फरक सहा टक्के. त्याच्या इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर, माझ्या जीपचा त्याच्या निम्म्याहून कमी. त्याला सहा गिअर आहेत आणि पुढे डिस्क ब्रेक. सहा टक्के त्याला जाणवतीलही, पण त्यासाठी दोन गोळे उघडायची गरज नाही. जुन्या जीपचं गणित नव्या गाडीला लावू नये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नव्या गाडीवाल्याचा सल्ला जुन्या जीपला लावू नये. माझी चूक तिथेच झाली होती.

कायद्याचंही सांगते, कारण गॅरेजात कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. माझी जीप बाग आणि घर एवढीच फिरते, आंबा पुढे टेम्पोने जातो. रोज मुंबई-गोवा महामार्गावर जायचं असतं तर मी ६.००-१६ आणि ४.८८ वरच राहिले असते, आणि पाणंदीवर पैसे घातले असते. तसे ते आता घातलेच. गेल्या दिवाळीनंतर खाणीवरून चिऱ्यांचे तुकडे दोन ट्रॉली आणले आणि खोल चाकोऱ्या भरून घेतल्या. ते आधी केलं असतं तर कदाचित मधला ७.००-१६ चा टायर पुरला असता आणि क्राऊन-पिनियनला हातच लावावा लागला नसता. आज कोणी विचारलं तर मी याच क्रमाने सांगते: आधी वाट, मग उतारावर किती वजन घेऊन यायचंय ते, त्यावरून रेशो, त्यात बसेल तेवढाच टायर, आणि तो टायर मावेल एवढीच लिफ्ट.

जुनी जीप घेताना एक्सलमध्ये काय आहे ते कागदावर विसंबून मानू नका. तीस वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. मोजायला गोळा उघडावा लागत नाही. जीप सपाटीवर, गिअर न्यूट्रलला, टू-व्हीलमध्ये. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, कारण माझ्यासारखा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असेल तर तो सोडूनच ठेवावा लागतो. मागचं एकच चाक जॅकवर घ्या. शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक सोळा फेऱ्या फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेऱ्या करतो ते दुसऱ्याला मोजायला सांगा. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक, म्हणून सोळा. शाफ्ट ३९ फेऱ्या झाला तर ४.८८, ४३ झाला तर ५.३८. मग पुढच्या एक्सलचंही तसंच मोजा, पुढची चाकं एक्सलशी जोडणारे-सोडणारे लॉकिंग हब असतील तर ते लावून.

या मे महिन्यात आमच्याकडे हे मोजायचं काम बाबांनी केलं. जॅक मी लावला, ते पाटावर बसून शाफ्टकडे बघत मोठ्याने आकडे म्हणत होते. त्रेचाळीसवर रेघ बरोबर वर आली. मग त्यांनी चावी मागून घेतली, वर जाऊन अठरा क्रेट भरले, आणि लोच्या दुसऱ्यात टाकून खाली आले. मी वळणावर उभी होते. मागचे ब्रेक लाईट पूर्ण उतारावर दोनदाच लागले.